आदत, दुसा आणि इंटरमीजिएट

पिंपळगाव बसवंतात प्रतवारी झाल्याशिवाय काही विकलं जात नाही. कांद्यातली गोल्टी वेगळी पडते, टोमॅटो रंगावर निवडला जातो, निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजतात. माणसांची प्रतवारी लग्नपत्रिकेत होते. निमंत्रकांच्या यादीत नाव कितवं आलं यावरून भाऊबंदकीत दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असतं. अशा गावात कागदपत्रांसकट कुत्रा आला, तर त्याला कुठल्या वर्गात उतरवायचं यावर महिनाभर खल होणारच.

कुत्रा येतो त्याचं कारण सरळ आहे. द्राक्षाचे पैसे बरे झाले की पूर्वी माणूस बुलेट घ्यायचा, आता जर्मन शेफर्ड घेतो. बुलेटचं कूळ कुणी विचारत नाही. शेफर्डचं कूळ कागदावर असतं. स्वतःच्या पणज्याचं नाव विचारलं तर घरातले एकमेकांकडे बघतात, पण कुत्र्याचा आजा कुठल्या प्रदर्शनात पहिला आला होता ते शेंडेफळालाही पाठ असतं.

आमच्या तात्यांचा टायगर आता चौदा महिन्यांचा झालाय. कागदावर त्याचं नाव चार शब्दांचं आहे, ते तात्यांना एका दमात म्हणता येत नाही. थंडी पडली की प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि नेमका तोच हंगाम बागेचा. ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते, डावणी-भुरीच्या फवारण्या डोक्यावर असतात, निफाडचा पारा घसरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तात्या शेकोटीजवळ बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, ‘याला टाकू कशात?’

ज्यांच्या घरी अजून साधाच कुत्रा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे ही सगळी व्यवस्था १८९६ साली स्थापन झालेल्या, चेन्नईला मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांनी चालते. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मायनर पपी, वर्षाच्या आतलं पपी, वर्ष ते दीड वर्ष ज्युनिअर, पुढे दोन वर्षांपर्यंत इंटरमीजिएट. त्यापलीकडे भारतात जन्मलेल्यांचा एक वर्ग, मग ओपन, आणि ज्यांनी आधीच बाजी मारली त्या चॅम्पियन लोकांचा वेगळा. नर वेगळे, माद्या वेगळ्या. वय धरायचं ते प्रदर्शनाच्या दिवशीचं. अर्जाची मुदत संपली की वर्ग बदलून मिळत नाही, कुणाचाही फोन गेला तरी. आपल्या भागात हा शेवटचा नियम कुणाला खरा वाटत नाही.

म्हणजे चौदा महिन्यांच्या नराची जागा ज्युनिअरमध्ये. विषय इथेच संपायला हवा होता. पण जी जागा आपली आहे तिथे जाऊन बसण्यात कसली हुशारी? तात्यांनी सल्लागार मंडळ नेमलं.

पहिले सल्लागार अण्णा. बैल पारखण्यात उभी हयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बैलगाडा शर्यतींची वाट मोकळी ठेवली तेव्हापासून अण्णांचा आवाज पुन्हा चढलाय. शर्यतीत आणि जनावरांच्या प्रदर्शनात वर्ग ठरतात दातांवर. दुधाचेच दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, मग चौसा, सहादाती आणि आठही आले की जुळलेला. अण्णांनी टायगरच्या जबड्यात सरळ हात घातला, ओठ वर केला, बराच वेळ मोजलं आणि निकाल दिला, ‘तात्या, हा तर जुळलाय. ह्याला मोठ्यांत सोडा.’ अण्णांचं शास्त्र चुकीचं नाही, जनावर चुकीचं आहे. कुत्र्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात सातव्या महिन्याच्या आसपासच भरतात. अण्णांच्या हिशेबाने पिंपळगावातली सगळी पिल्लं पहिल्या दिवाळीच्या आत जुळलेली निघतील आणि ज्युनिअरच्या रिंगणात फक्त दोऱ्या उरतील.

खरं तर चौदा महिन्यांचा शेफर्ड नर हा मोठा विनोदी प्राणी असतो. पाय लांब झालेले, छाती अजून उतरलेली नाही, डोकं पोरकट. पळायला लावलं की पुढचे पाय एका गावाला, मागचे दुसऱ्या. भरायला त्याला दोन-अडीच वर्षं लागतात. बरोबरीच्यांत तो उभा राहिला तर न्यायाधीश पुढे काय होईल ते बघतो. ओपनमधल्या भरलेल्या गड्यांशेजारी उभा केला की आज काय नाही तेवढंच दिसतं. मुरलेले लोक म्हणूनच जन्मतारखेवरून उलटं मोजत बसतात. साडेसतरा महिन्यांचा नर ज्युनिअरमध्ये उतरला तर बारा-तेरा महिन्यांच्या पोरांपुढे तो काका दिसतो. अशा घरात कुत्र्याचा वाढदिवस हा दुःखाचा दिवस. केक कापताना मालक हळहळतो, ‘गेला रे, एका आठवड्याने ज्युनिअरला गेला.’

कुत्र्यांच्या बाबतीत एक सोय आहे. कानामागे, मानेजवळ मायक्रोचिप असते, तिच्यावर नोंदणी असते, त्यामुळे दीड वर्षाचा तो दीड वर्षाचाच. आमच्याकडे पंचेचाळिशी उलटलेले युवा नेते ज्युनिअरमधून हलायला तयार नाहीत. नातवाच्या बारशाच्या फ्लेक्सवरही ‘युवा हृदयसम्राट’ छापून येतं. चिप बसवायची कुणी, एवढाच प्रश्न.

इंग्रजांनी तर वयापलीकडे जाऊन कर्तबगारीचे वर्ग पाडलेत. तिकडे नोव्हिस, ग्रॅज्युएट, लिमिट असे वर्ग असतात आणि ठरावीक बक्षिसं खिशात पडली की त्या वर्गाचं दार तुम्हाला बंद. जिंकलास, आता वर जा, नव्यांना जागा दे. हा नियम आपल्या सोसायट्यांच्या आणि बाजार समित्यांच्या संचालक मंडळांना लावला, तर एका रात्रीत निम्मी मंडळं ओस पडतील, म्हणून तो कुत्र्यांपुरताच ठेवलेला बरा. जर्मन त्याहून कडक. त्यांच्या शेफर्डला प्रौढांच्या वरच्या वर्गात उभं राहायचं तर आधी कामाची परीक्षा पास व्हावी लागते. माग काढणं, आज्ञा पाळणं, चोर धरणं. टायगरचं काम म्हणजे कांद्याची चाळ राखणं. ते तो चाळीच्या सावलीत झोपून करतो.

दुसरे सल्लागार निवृत्त मुख्याध्यापक. सरांचा सिद्धांत त्यांच्या नोकरीइतकाच जुना: जिथे स्पर्धा कमी तिथे अर्ज भरा. त्यांनी नियमपुस्तिका घेतली, लाल पेनाने रेघा मारल्या आणि भारतात जन्मलेल्यांच्या वर्गावर बोट ठेवलं. तिथे गर्दी नसते म्हणाले. तात्यांना देशप्रेमही सुचलं. टायगर जन्मला ओझरजवळच्या मळ्यात, हे खरं. त्याच्या बापाचा बाप विमानातून आला, हेही खरं. हा वर्ग काढला तो बाहेरून आणलेल्या तयार कुत्र्यांपुढे इथल्या पैदाशीला थोडी उसंत मिळावी म्हणून. इथे वाढवलेल्या पैदाशीचं कौतुक व्हावं हा हेतू. सरांनी त्याचा उपयोग पळवाट म्हणून केला, आणि पळवाट शोधण्यात सरांच्या हाताखालून गेलेला अख्खा तालुका पारंगत आहे.

अस्सल इथलं जनावर म्हणाल तर ते कारवान. लांब तोंडाचं, पोट पाठीला गेलेलं, दख्खनच्या माळावर सशामागे सुटलं की नजर ठरत नाही. मुधोळ म्हणून त्याचं २००५ साली टपाल तिकीटही निघालं. पण पिंपळगावात ते कुणी बांधत नाही, कारण पाहुणे आले की ‘ह्याला खायला घालत नाही का?’ असं विचारतात.

तिसरा सल्लागार पैसे घेणारा, म्हणजे हँडलर. प्रदर्शनात कुत्रा धरून पळणं हा त्याचा धंदा. पातळशी दोरी कानामागे वर धरायची, उजव्या मुठीत उकडलेल्या कलेजीचा तुकडा दडवायचा, कुत्र्याचा मागचा एक पाय हलकेच मागे सरकवून पुतळा करायचा. न्यायाधीश येतो, दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, नराच्या मागच्या बाजूला हात घालून जे दोन असायला हवेत ते दोन आहेत ना हे चाचपतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा टायगर खाली बसला आणि तात्यांच्या घरच्या बायकांनी आकाशाकडे पाहिलं. म्हणून हा सराव मायनर पपी असताना करून घ्यायचा असतो. तो वर्ग जिंकण्यासाठी नसतोच. परक्या माणसाचा हात, भोंगा आणि मंडप यांची सवय लागावी म्हणून असतो. पण त्या वयात टायगर लहान होता, म्हणून त्याला कुठे नेलं नाही.

हँडलर सरांच्या बाजूने ठाम उभा राहिला. भारतात जन्मलेल्यांतच टाका म्हणाला. तात्यांना वाटलं, केवढी दूरदृष्टी! मागाहून कळलं की ज्युनिअरमध्ये त्याच्याकडे पुण्याचा एक कुत्रा आधीच होता आणि एका वेळी दोन दोऱ्या धरता येत नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी तात्या पहाटे चारला हायवेला लागले. पिकअपमध्ये टायगर, टेबलफॅन, गालिचा, सर आणि अण्णा. सरांचं गणित अचूक ठरलं: त्या वर्गात नर एकच आला होता. एकटा असला म्हणून पहिला क्रमांक देण्याचं बंधन न्यायाधीशावर नसतं, दर्जा नसेल तर तो बक्षीस रोखू शकतो, तेवढी दोन मिनिटं तात्यांनी श्वास धरला. पण न्यायाधीश भला होता. टायगर पहिला. अण्णांनी शिट्टी मारली, सरांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली, गावातल्या फ्लेक्सवाल्याला तिथूनच फोटो गेला.

सरांनी नियमपुस्तिकेचं पुढचं पान वाचलं नव्हतं. वर्ग संपले की त्या जातीच्या सगळ्या वर्गांतले पहिले नर पुन्हा एका ओळीत उभे करतात आणि मोठं प्रमाणपत्र त्यातल्या एकाला मिळतं. ज्यांना चुकवायला एवढा खटाटोप केला ते सगळे दहा मिनिटांत टायगरच्या शेजारी येऊन उभे राहिले. ओपनचा पहिला आला, छाती अशी की त्यावर पाटी ठेवून लिहावं. ज्युनिअरचा पहिला आला, तो पुण्याचा. वय चौदा महिने, टायगरपेक्षा चार दिवसांनी लहान. पळताना त्याचेही पाय दोन गावांना जात होते, पण चार बरोबरीचे मागे टाकून आल्यामुळे तो ऐटीत होता. प्रमाणपत्र ओपनवाल्याला गेलं, राखीव त्या पुण्याच्या पोराला. टायगरची दोरी ऐनवेळी हँडलरच्या पोऱ्याने धरली होती. टायगर त्याच्या खिशातली कलेजी शोधत होता.

परत येईपर्यंत चौकात फ्लेक्स लागला होता. ‘प्रथम क्रमांक’ एवढी अक्षरं लांबून वाचता येत होती. वर सात नेत्यांचे फोटो, खाली चौदा शुभेच्छुक, मधे कुठेतरी टायगरचा एक कान. दोन दिवस हार-तुरे झाले. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका आगाऊ पोराने विचारलं, ‘तात्या, वर्गात होते किती?’

तात्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, ‘पुढच्या खेपेला ओपनलाच टाकतो.’

मी म्हटलं, तात्या, दीड वर्षाच्या आत आहे, ज्युनिअर मोकळा आहे, बरोबरीच्यांत उतरवा.

‘नको,’ तात्या म्हणाले, ‘बरोबरीच्यात हरलं की कुत्रं हरतं. ओपनला हरलं की सांगता येतं, समोर दांडगी पार्टी होती.’