सोफा एक, बांबू अनेक

फुटबॉलच्या सामन्याला दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना शेजारी शेजारी बसवावं की मध्ये पोलिसांची भिंत घालावी, या प्रश्नावर युरोपातले पोलीस, न्यायाधीश आणि समाजशास्त्रज्ञ गेली चाळीस वर्षं डोकं खाजवताहेत. समित्या बसल्या, अहवाल आले, मैदानं पाडून नवी बांधली गेली. एवढा खटाटोप करण्याआधी कुणीतरी सकाळी सहाच्या सुमाराला कर्जतच्या फलाटावर येऊन विचारायला हवं होतं. उत्तर मिळालं असतं आणि वर वडापावही.

कर्जत-खालापुरात मोठं स्टेडियम नाही, हे कबूल. पण बसणं या विषयात आमच्याइतका अभ्यास जगात कुणाचा असेल, असं वाटत नाही. आमची माणसं सीएसएमटीपर्यंतचे शंभर किलोमीटर रोज बसून जातात, किंवा बसायला मिळेल या आशेवर उभ्याने जातात. तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याची निम्मी बैठक बाकावर आणि निम्मी परमेश्वराच्या भरवशावर असते. त्या एका बाकावर एक मुंबई इंडियन्सवाला, एक चेन्नईवाला, एक शिंद्यांचा, एक ठाकऱ्यांचा असे चौघे दादरपर्यंत मांडीला मांडी लावून जातात. मध्ये ना जाळी, ना राज्य राखीव दल. जागा धरण्यासाठी रुमाल टाकला की झालं. त्या रुमालाला जी किंमत आहे ती फिफाच्या बारकोडलाही नाही. हाणामाऱ्या होत नाहीत असं नाही. खालच्या स्टेशनांवरून जागेसाठी उलटे ‘डाऊन’ करून येणारे आणि फलाटावर रांगेत उभे असलेले यांच्यात जे होतं, त्यापुढे लिव्हरपूल-मँचेस्टर म्हणजे हळदीकुंकू. पण ते भांडण बसण्यावरून असतं. एकदा बूड टेकलं की कल्याण यायच्या आत पत्ते निघतात.

आता फुटबॉलचं म्हणाल, तर आमच्याकडे तो दर चार वर्षांनी उगवतो. एरवी टेनिस क्रिकेट आणि कबड्डी. जून-जुलैत शेतात गाळ झाला की आश्रमशाळेची पोरं अनवाणी चेंडू तुडवतात आणि त्या पोरांचा खेळ खरोखर बघण्यासारखा असतो. म्हणूनच तो बघायला कुणी येत नाही. विश्वचषक आला मात्र, की नेरळपासून खोपोलीपर्यंत अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन देश तयार होतात. ज्यांनी कसारा घाट ओलांडलेला नाही, ते ब्यूनोस आयर्सच्या इज्जतीसाठी बोलणं टाकतात. २०२२च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि फ्रान्सची तीन-तीन बरोबरी होऊन सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत एका टीव्हीपुढे दोन्ही बाजू कोंबून बसलेल्या होत्या. इतक्या जागेत विभक्त आसनव्यवस्था करायची तर एका गटाला फ्रिजवर बसवावं लागलं असतं. मेस्सी चार-दोनने जिंकला, हरलेल्या बाजूने चहा केला. अहवाल संपला.

मग भिंत लागते कुठे? ती बघायची असेल तर आमच्याकडच्या कुठल्याही चषकाला या. चषकाला नाव नेत्याचं. ते ‘भाऊ’ असतील, ‘दादा’ असतील, पण रायगडात बहुतेक करून ‘शेठ’. मैदानाच्या एका अंगाला मंडप, मंडपात लाल जाजम, जाजमावर सोफे, सोफ्यांवर पांढरे टॉवेल, समोर काचेचं टेबल आणि त्यावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या सरपंच आणि माजी सरपंचांसाठी. खुर्च्यांमागे बांबू. बांबूमागे आपण. दोन गावांचे लोक एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये आणखी एक आडवा बांबू, त्याला टेकून दोन होमगार्ड. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात मोबाइल.

सोफ्यावर मात्र बांबू नसतो. तिथे काल चौकातल्या सभेत ज्यांनी एकमेकांचं मूळ-कूळ काढलं, ते मांडीला मांडी लावून बसलेले असतात. एक दुसऱ्याला बाटलीचं झाकण उघडून देतो. दुसरा त्याच्या कानात काहीतरी सांगतो आणि दोघेही मान मागे टाकून हसतात. बांबूमागचे दोन गट तेव्हा एकमेकांच्या नेत्याच्या नावाने शिमगा करत असतात. समाजशास्त्रज्ञांना मिश्र आसनव्यवस्थेचा यशस्वी प्रयोग हवा होता ना? तो हा. फक्त पहिल्या रांगेपुरता आहे.

२०२५च्या जानेवारीत रायगडच्या पालकमंत्रिपदाचा सामना झाला, तो आठवा. १८ तारखेला आदिती तटकरे यांचं नाव जाहीर झालं. भरत गोगावले यांचे समर्थक महाडला मुंबई-गोवा महामार्गावर उतरले, टायर पेटले. दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती. आता हे दोघेही एकाच मंत्रिमंडळात. एकाच टेबलाला, एकाच मुख्यमंत्र्यांच्या समोर, बहुधा एकाच ताटलीतले काजू. त्यांच्यामध्ये पोलिसांची रांग लावावी असं गृहखात्याला एकदाही वाटलं नाही. खाली महामार्गावर मात्र बंदोबस्त. टायरला पक्ष नसतो म्हणून बरं, नाहीतर त्यालाही वेगळ्या रांगेत उभं केलं असतं.

मराठी मुलखातला खरा फुटबॉल बघायचा तर घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं. तिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. नावं ऐकली तरी अंगाला माती लागल्यासारखं वाटतं. राजर्षी शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की पोलिसांच्या रजा रद्द होतात, असं कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. पेठ म्हणजे धर्म. बाटल्या उडतात, चपला उडतात, मग संयोजक बंदी घालतात, दंड करतात. हीच मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच गाड्यावर, एकाच बाकावर बसून मिसळ खातात. त्यातून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कुठल्या पेठेने टाळी वाजवायची यावरून बांबू बांधावा लागला नव्हता. तिथल्याही चषकांवर नेत्यांची नावं असतात, हे सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०२४च्या मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या एका गावात आयपीएलचा सामना टीव्हीवर बघताना रोहित शर्मा बाद झाल्याचा आनंद केला, म्हणून एका वयस्क माणसाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. तिथे स्टेडियम नव्हतं, मंडप नव्हता, सगळे शेजारीपाजारी होते. तेव्हा माणसं शेजारी बसवली की शहाणी होतात, असला भाबडा दावा मी करणार नाही. त्याच मोसमात वानखेडेवर मुंबईचेच लोक, मुंबईचीच निळी जर्सी घालून, मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवत होते, कारण रोहितच्या जागी हार्दिक पांड्या आला होता. एकाच रंगाच्या जर्सीत दोन छावण्या. मध्ये भिंत घालायची तर कुणाच्या खांद्यावरून?

भिंतीवाल्यांचीही प्रगतिपुस्तकं बघू. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात दंगल उसळली, १६ जण गेले. तेव्हापासून तिथे बाजू वाटून घेण्याचा नियम कडक. ब्रसेल्सच्या हायसेलला १९८५ साली ३९ जण मेले. तिथे तर तटस्थांसाठी म्हणून राखलेला भाग लिव्हरपूलवाल्यांच्या शेजारी होता आणि तो युव्हेंटसवाल्यांनी भरला होता. आता कुंपणं बघा. १९८९ साली हिल्सबरोत कुंपणाशी चेंगरून ९७ माणसं गेली, तीही सगळी एकाच संघाची. इंडोनेशियात २०२२ साली पाहुण्या संघाच्या समर्थकांना आतच घेतलं नव्हतं. भांडायला समोर कुणी नाही, तरीही पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि १३५ बळी गेले. अर्जेंटिनात २०१३ साली पाहुण्या समर्थकांना मज्जाव झाला. २०१८च्या कोपा लिबर्टाडोरेसच्या अंतिम सामन्याला एकट्या रिव्हर प्लेटचेच लोक येणार होते, तरी बोका ज्युनियर्सची बस दगडांनी फुटली आणि सामना माद्रिदला न्यावा लागला. स्पेनपासून खंड सोडवणाऱ्या वीरांच्या नावाचा चषक, आणि त्याचा निकाल स्पेनच्या राजधानीत!

पण माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर १८ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यातच मिळालं. ड्युरंड चषकातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द झाला. कारण काय, तर आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि हत्येमुळे शहर पेटलेलं, आणि दोन बाजूंना वेगळं ठेवायला पुरेसे पोलीस नाहीत. ठीक. त्याच संध्याकाळी दोन्ही संघांचे, आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचेसुद्धा, समर्थक आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि न्याय मागू लागले. जन्माचे वैरी एकमेकांच्या खांद्यावर! तेव्हा पोलीस आले. भरपूर आले. लाठ्याही चालल्या. भांडणारे वेगळे ठेवायला मनुष्यबळ कमी पडतं, एकत्र आलेले पांगवायला पडत नाही, हे आम्हां कर्जतकरांना त्या दिवशी नीट समजलं. २०२५च्या डिसेंबरात मेस्सी आला तेव्हा त्याच स्टेडियममध्ये त्याच्याभोवती पुढाऱ्यांचं आणि पाहुण्यांचं एवढं कोंडाळं झालं की हजारो रुपये मोजून आलेल्यांना तो दिसलाच नाही. मग खुर्च्या उखडल्या गेल्या. उखडणाऱ्यांत ईस्ट बंगालचे लाल-पिवळे किती आणि मोहन बागानचे हिरवे-मरून किती, याची वर्गवारी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. सगळ्यांचा प्रतिस्पर्धी एकच होता आणि तो गवतावर फोटो काढत उभा होता.

त्यामुळे आमच्या तालुक्यांपुरती एक योजना सुचवतो. कर्जत विरुद्ध खोपोली असा सामना घ्यावा. खोपोलीकरांना लोकलने मुंबईला जायचं तर कर्जतवरूनच जावं लागतं, हा त्यांचा जुना सल आहे. तो मैदानावर निघू द्या. प्रवेशद्वारावर झडती घ्यायची तर नमुना घरचाच आहे. १६६१च्या फेब्रुवारीत याच खालापूर तालुक्यात उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली आणि सगळं सामान जागेवर ठेवायला लावून मगच त्याला परत जाऊ दिलं. आजकाल स्टेडियमवाले पॉवरबँक आणि सुटे पैसे काढून घेतात, तेव्हा मला नेहमी तो खान आठवतो. निदान त्याला पावती मागायची बुद्धी झाली नाही.

आत गेल्यावर चौथ्या सीटचा नियम. तिघांच्या जागेत चौघे, एक आड एक: कर्जत, खोपोली, कर्जत, खोपोली. ज्याला गोल झाल्यावर उडी मारायची आहे, त्याला शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावाच लागेल, आणि शिवी द्यायची तर ती आपल्याच कानाशी द्यावी लागेल. तटस्थांसाठी लंडनच्या फुलहॅम क्लबाने एक भाग वेगळा ठेवला होता म्हणे. आमच्याकडे तो लागणार नाही. आमच्याकडे तटस्थ माणूस म्हणजे ज्याला अजून दोन्हीकडून निमंत्रण आलेलं नाही. आणि वेगळं बसवायचंच असेल कुणाला, तर सोफ्यावरच्यांना बसवा. एका पक्षाचा सोफा कर्जतच्या गोलपोस्टमागे, दुसऱ्याचा खोपोलीच्या. मध्ये शंभर मीटर गवत आणि दोन होमगार्ड. पंधरा मिनिटांत सोफे हळूहळू एकमेकांकडे सरकू लागतील, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. घाटासाठी कर्जतला गाडीच्या मागून इंजिनं लावतात, तशी सोफ्यांच्या मागून लावली तरी त्यांना उलट दिशेला ढकलता येणार नाही.

ही योजना मी आमच्याकडच्या एका चषकाच्या संयोजकांना ऐकवली. सद्गृहस्थ. पांढरा शर्ट, दोन फोन, एकावर सारखा ‘येतो शेठ, येतो’. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मिश्र आसनव्यवस्थेला त्यांचा तत्त्वतः पाठिंबा निघाला.

“बसतील की एकत्र,” ते म्हणाले. “पोरं चांगली आहेत हो, एकाच कॉलेजात आहेत. एरवीही एकत्रच फिरतात.”

“मग काढा तो मधला बांबू.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मंडपाचा खांब काढायला सांगितलाय.

“बांबू काढून कसं चालेल साहेब? शुभेच्छुकांचे अठरा बॅनर त्यालाच बांधलेत.”