डावा पाय

पवित्र गुरुवारच्या आठ दिवस आधी पिरनवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यानं वजरी विकत आणली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं उभं राहून त्याच्या टाचांना उन्हाळी शेतासारख्या भेगा पडल्यात, आणि यंदा फादरनी बारा जणांत त्याचं नाव घेतलं होतं. त्या संध्याकाळी मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे धुतले, तसे. धुळीची वाट तुडवून आलेल्याचे पाय धुणं हे तिकडे गड्याचं काम. ते गुरूनं केलं, यातच सगळं आलं. पण असले पाय फादरपुढं धरायचे कसे? शेजारी रोज रात्री बादलीत पाय सोडून बसायचा. वहिनी म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे घासले नव्हते की!"

त्या प्रसंगातला पेत्र मला फार जवळचा वाटतो. आधी तो पाय धुऊ द्यायलाच तयार नसतो, आणि समजूत पटल्यावर हात नि डोकंही पुढं करतो. आपले सत्कारमूर्ती असेच. "याची काय गरज होती?" म्हणतात, तेव्हा मान शालीच्या बेतानं आधीच झुकलेली असते.

नाव झाकून तरी कुठं राहतं म्हणा! बाणावलीचे फादर जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात सिलोनला गेले, कारण डचांच्या अमलात कॅथलिक धर्मगुरूंना तिथं मज्जाव होता. पुढं चालून आलेलं मोठं पद त्यांनी नाकारलं. १७११ साली कँडीत वारले. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला जाऊन त्यांना संत म्हणून जाहीर केलं. तीनशे चार वर्षं थांबायची तयारी असेल, तर नम्रतेसारखा मार्ग नाही. आम्हाला मात्र उद्याच्या पेपरात फोटो हवा.

गुरुवारी मीही गेलो. शेजारी पांढऱ्या इस्त्रीत, पुढच्या बाकावर. वयस्कर फादर गुडघा धरत वाकले, पायावर पाणी घातलं, पुसलं, ओठ टेकवले नि पुढं सरकले. येताना बसमध्ये शेजारी गप्प. उद्यमबाग मागं पडल्यावर म्हणाला, "उजवा तेवढाच धुतला गा. डावा उगाच घासला."

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. डाव्या पायाची मात्र कुणी सोय लावलेली नाही.

पण हसायला मला तोंड नाही. गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराला मी पाच हजार दिले आणि नाव घालू नका म्हणून बजावलं. फलकावर 'एक सद्गृहस्थ' असं आलं. तेव्हापासून माझा संध्याकाळचा फेरफटका तिकडून जातो. चष्मा पुसायला ती जागा बरी आहे. परवा दोघे फलक वाचत उभे होते.

"हा सद्गृहस्थ कोण रे?"

मी खाकरलो.

"किराणावाला असणार की," दुसरा म्हणाला. "दुसरं कोण देतंय?"

तसाच दुकानात गेलो. अर्धा किलो साखर मागितली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. किराणावाल्यानं साखर तोलली, पुडा बांधला, खाली मान घालून हसला.

"असू दे की हो," म्हणाला, "कशाला बोलायचं त्याचं!"