कांदाचाळ रिकामी झाल्यावर: फक्त बायकांचा गॅरेज बँड कसा काढावा

आधी गॅरेज. नाशिक जिल्ह्यातल्या विंचुरात गाडी अंगणात नाहीतर रस्त्याच्या कडेला उभी असते, तेव्हा त्या नावाची खोली शोधत बसू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घरातली मोटार बाहेर काढली आणि त्या जागेत गिटारी बडवल्या, त्यावरून गॅरेज रॉक हे नाव पडलं. आपल्याकडे बाहेर काढण्याजोगा एक कांदाच, आणि तोही आपल्या मर्जीनं निघत नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून चाळीत भरतात आणि भाव वाढेल या आशेवर दिवाळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढं ठेवतात. म्हणजे तालमीचा हंगाम डिसेंबर ते मार्च. त्यातही लाल कांद्याचा भाव पडला असेल, तर घरातल्यांचे चेहरे बघून गिटार काढावी.

कांद्याला वारा लागावा म्हणून चाळीच्या भिंती फटीफटींच्या असतात. त्याच फटींतून तुमची प्रत्येक चूक शेजारच्या मळ्यात पोचेल. पहिल्या दिवशी मोठ्या ड्रमवर पाय पडला की खालची फोलपटं उडतात आणि केसांत, डोळ्यांत, अँपच्या जाळीत जाऊन बसतात. म्हणून आधी केरसुणी, मग संगीत. सडक्या कांद्याचा वास मात्र जात नाही. पाहुण्यांनी नाक मुरडलं तर ‘रेट्रो’ आहे म्हणून सांगावं.

सभासद चौघी पुरेत. ज्यांची चाळ त्याच घरातल्या दोघी जावा घेतल्या की भाड्याचा प्रश्न मिटतो. घरातल्या घरात बँड काढायची रीत जुनीच आहे. टोकियोचा ‘५.६.७.८’ज’ हा बँड १९८६ मध्ये दोघी बहिणींनी उभा केला, तो १९६० च्या दशकातल्या बायकांसारखे केसांचे उंच घुमट करून. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या ‘द शॅग्ज’ याही बहिणीच. आजीनं हात बघून सांगितलं होतं की नातींचा बँड होणार, म्हणून बापानं पोरींना शाळेतून काढून तालमीला बसवलं. १९६९ ची त्यांची रेकॉर्ड ऐकावी. ड्रम आपल्या वाटेनं जातो, गिटार तिच्या वाटेनं, आणि तरीही ती ऐकणारे अजून आहेत. बाप १९७५ मध्ये गेला आणि पोरींनी बँड लगेच बंद केला.

विंचुरात आजेसासूबाई हात बघून असलं काही बोलतील हा भरवसा धरू नये. त्याऐवजी बचत गट काढावा. ‘मीटिंगला जाते’ या वाक्याला अजून तरी कुणी उलट प्रश्न विचारत नाही. महिन्याची मीटिंग दर मंगळवारी व्हायला लागली की ननंदेला खजिनदार करावं, म्हणजे घरातून येणाऱ्या प्रश्नांना तीच उत्तरं देते. खरं सांगायचं तर गिटार आठ दिवसांत हातात बसते. धारा, डबे आणि पोरांचा अभ्यास यांतून सलग तास काढणं हे याहून अवघड वाद्य आहे, आणि त्याचा क्लास कुठंच निघालेला नाही.

वाद्यांवर फार खर्च नको. ई, ए, डी हे तीन कॉर्ड आले की गॅरेज रॉकचा निम्मा अभ्यासक्रम झाला. गिटारचा आवाज फाटका हवा. त्यासाठी १९६४ मध्ये ‘किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा कागद ब्लेडनं कापला होता. आपल्याला कापायची गरज नाही, मांडववाल्याकडे आधीच फाटलेला मिळतो. ड्रमवालीची चिंता नाशिक जिल्ह्यानं करूच नये, इथला ढोल देशभर ठाऊक आहे आणि पथकांत नऊवारी-फेट्यातल्या बाया तो कमरेला बांधून वाजवतातच. गिटार परवडली नाही तर वरातीतला बँजो घ्या. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य मूळचं जपानी, नागोयात १९१२ साली निघालेलं, म्हणजे ‘५.६.७.८’ज’शी माहेरचं नातंही जुळलं.

गाणारीनं विंचूरच्या उपबाजार आवारात सकाळच्या लिलावाला उभं राहावं. ट्रॅक्टरच्या ढिगावर बोली पुकारणाऱ्याचा दम कुठून येतो ते नीट पाहावं. शब्द पाठ होत नसतील तर घाबरू नये. टोकियोच्या बहिणींचं ‘वू हू’ २००३ च्या ‘किल बिल’ सिनेमामुळे जगभर गेलं, त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. त्याच्या दिग्दर्शकानं, टॅरंटिनोनं, हा बँड म्हणे टोकियोतल्या एका कपड्यांच्या दुकानात ऐकला. तेव्हा तुमचं रेकॉर्डिंग लासलगावच्या साडीच्या दुकानात दिवसभर वाजेल, एवढी ओळख काढून ठेवा.

पोशाख कपाटात आहेच. १९७३ च्या ‘बॉबी’नंतरच्या ठिपक्यांच्या साड्या सासूबाईंनी जपून ठेवलेल्या असतात. फक्त येवल्याची पैठणी ड्रमपासून लांब ठेवा. आणि बँडचं नाव ‘द गोल्टीज’. बाजारात गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, भाव कमी मिळतो, पण आजवर कुठल्या बँडनं हे नाव घेतल्याचं ऐकिवात नाही.

पहिला कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करावा. चाळ मोकळी, श्रोते सगळ्या बायकाच, आणि तिळगूळ तोंडात असल्यानं टीका उशिरा सुरू होते. वाण म्हणून कानात घालायला कापूस लुटावा. रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली बोलावणी येतील. त्यातल्या निम्म्या ठिकाणी ‘झिंगाट’ची फर्माईश होईल. ती नाकारू नये, तीन कॉर्डांत बसवून वाजवावी. सुपारी मात्र आगाऊ घ्यावी, आणि ननंदेनंच मोजून घ्यावी.