किलवरच्या वाड्याचा मालक

बाथ, इंग्लंड
२ नोव्हेंबर

ती. बाबांस,


आई फोनवर अर्धा तास बोलते आणि मग तुमच्या हातात फोन देते. तुम्ही "बरा मा? पाऊस आसा?" एवढं विचारून तो तिला परत देता. म्हणून हे पत्र. पाऊस आसा. पावसाशिवाय दुसरा काय एक नाय.

ऑक्टोबरअखेरची मुलांना आठवडाभर सुट्टी होती. बाहेर पाऊस, घरात दोन मुलं आणि सुट्टी घेऊन घरी बसलेले तुमचे जावई. रोज रात्री एक सिनेमा बघायचा, आणि भांडण नको म्हणून सगळे एकाच नटाचे, असं ठरलं. नट थोरल्याने निवडला. त्याच्या वर्गातली मुलं एकमेकांना या माणसाचा डोळे वटारलेला फोटो पाठवतात. फोटो सगळ्यांना पाठ, सिनेमा एकानेही पाहिलेला नाही. नटाचं नाव निकोलस केज. तुम्ही त्याला पाहिलंय. टीव्हीवर 'फेस/ऑफ' लागला होता, ज्यात पोलीस आणि गुन्हेगार एकमेकांचे चेहरे लावून हिंडतात. तुम्ही दर पाच मिनिटांनी "आता ह्यो कोण?" विचारत शेवटपर्यंत बसला होतात आणि संपल्यावर म्हणालात, "दोघानीय एकमेकाचा सोंग बरा घेतल्यानी." त्या सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

या केजचं खरं आडनाव कोपोला. 'गॉडफादर'वाल्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा हा सख्खा पुतण्या. काकांच्या वशिल्याने आला असं कोणी म्हणू नये म्हणून याने आडनाव टाकलं आणि चित्रकथेतल्या ल्यूक केज नावाच्या नायकाचं उचललं. आपल्याकडे वशिल्याचं आडनाव मिळावं म्हणून लोक नवस बोलतील!

पहिल्या रात्री 'मूनस्ट्रक' (१९८७). यात तो एका हाताचा बेकरीवाला आहे. ब्रेड कापायच्या यंत्रात हात गेला आणि दोष दिला थोरल्या भावाला. मग भावाच्याच होणाऱ्या बायकोच्या प्रेमात पडून हिशेब चुकता. नायिका शेर, तिला या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. केज तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा, पण भट्टीसमोर उभा राहून आपल्या हाताची कहाणी असा ओरडून सांगतो की धाकटी हातातले चिवड्याचे दाणे तसेच धरून बसली. मला वाटलं, आता हा पडणार. इतक्या वरच्या पट्टीत लावलेला सूर टिकत नाही. पण टिकला. तो बाईला ऑपेराला घेऊन जातो तिथे तर मी चक्क डोळे पुसले. तुमचे जावई म्हणाले, "बेकरीत एवढा आवाज चालतो का?" त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते ऑडिटर आहेत.

दुसऱ्या रात्री मुलांना लवकर झोपवून 'लीव्हिंग लास व्हेगस' (१९९५) पाहिला. दारू पिऊन मरायचं ठरवून लास व्हेगसला गेलेल्या माणसाची गोष्ट. पैसा कमी, म्हणून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण. आणि दिग्दर्शक माइक फिगिस यानेच संगीतही दिलंय. याच कामाने केजला ऑस्कर मिळालं. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की रंगमंचावरच्या दारुड्याने झोकांड्या द्यायच्या नसतात, सरळ चालायचा प्रयत्न करायचा असतो. हा तेच करतो. सभ्यपणे, हसत, सरळ चालायचा प्रयत्न करत खाली खाली जातो. सिनेमा संपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. जावयांनी उठून कपाटातली बाटली मागच्या फळीवर सरकवली.

आणि तिसऱ्या रात्री 'द विकर मॅन' (२००६)! मूळचा १९७३चा इंग्रजी सिनेमा इथले लोक देवघरात ठेवतात. हे त्याचं अमेरिकन रूप. ऑस्करवाला हा माणूस यात अस्वलाचं कातडं पांघरून रानातून धावतो आणि त्याच वेषात एका बाईला ठोसा लगावतो. मुलं सोफ्यावरून खाली पडून हसत होती. हा भयपट आहे, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मधल्या दोन-तीन सिनेमांबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. 'घोस्ट रायडर'मध्ये त्याची कवटी पेटते, 'नॅशनल ट्रेझर'मध्ये तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा चोरतो. थोरल्याला दोन्ही आवडले, मी इस्त्री केली.

एकाच माणसाच्या कामात एवढे चढउतार कसे, याचं उत्तर, बाबा, आमच्या घराजवळच सापडलं. बाथपासून थोड्या अंतरावर मिडफर्ड नावाचं खेडं आहे आणि तिथे एक जुना वाडा. इंग्रज त्याला कॅसल म्हणतात, पण सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाने म्हणू नये. अठराव्या शतकातला हा वाडा वरून पाहिला तर पत्त्यातल्या किलवरसारखा दिसतो, तीन बाजूंना तीन गोल पाकळ्या. कोण्या जुगाऱ्याने किलवरच्या एक्क्यावर पैसा जिंकून बांधला, अशी दंतकथा आहे. जाणकार मानत नाहीत, मी मानते. २००७ साली हा वाडा केजसाहेबांनी विकत घेतला आणि २००९ मध्ये विकूनही टाकला.

पाऊस उघडल्यावर आम्ही सायकलींवरून तो बघायला निघालो. जुन्या रेल्वेच्या मार्गावर आता सायकलवाट केली आहे. वाटेत कूम डाउनचा बोगदा लागतो, मैलाहून थोडा लांब, आत मधूनच संगीत वाजतं. इथल्या लोकांना त्याचं फार कौतुक. मी त्यांना आपल्या करबुडे बोगद्याचे साडेसहा किलोमीटर सांगितले, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "पण त्यात संगीत आहे का?" वाडा खासगी मालकीचा, आत जाता येत नाही, झाडांतून जेवढा दिसला तेवढा पाहिला. धाकटी म्हणाली, "एवढ्यासाठी?"

पण माणसाची हौस एवढ्यावर थांबली नाही. जर्मनीत आणखी एक किल्ला. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या दफनभूमीत स्वतःसाठी पांढरीशुभ्र पिरॅमिडच्या आकाराची कबर, जिवंतपणीच. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा अवतरला त्या अंकाची प्रत, जी चोरीला गेली आणि अकरा वर्षांनी सापडली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे डायनासोरची कवटी! २००७ च्या लिलावात दोन लाख शहात्तर हजार डॉलर मोजून घेतली. पुढे कळलं की ती मंगोलियातून चोरून आणलेली होती, म्हणून २०१५ मध्ये परत द्यायला निघाला. आईला सांगा, माळ्यावरच्या तुमच्या तीन मोडक्या पेट्या, दोन मृदंग आणि बिनहाताळलेल्या गदांबद्दल तिने यापुढे चकार शब्द काढू नये.

मग जागांचे भाव कोसळले, कर थकला, कर्जाचा आकडा साठ लाख डॉलरच्या घरात गेला. लोकांनी दिवाळं जाहीर करायचा सल्ला दिला. त्याने केलं नाही. मिळेल ते काम घ्यायला सुरुवात केली, वर्षाला तीन काय, चार काय. थिएटरचं तोंडही न पाहणारे सिनेमे. नावं वाचली तर औषधांची वाटतात. आणि ते कर्ज त्याने फेडलं. आजही त्याचं म्हणणं असं की पैशासाठी केले खरे, पण एकही काम अंग चोरून केलं नाही. आम्ही त्या ढिगातले एक-दोन पाहिले. सिनेमा भिकार, तो मात्र घामाघूम. याला मी नावं ठेवणार होते, तेवढ्यात मला भगवानदादा आठवले.

'अलबेला'नंतर जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, वाराप्रमाणे वेगळी मोटार, असं तुम्हीच सांगायचात. मग सिनेमे आपटले, बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले. पण काम सोडलं नाही. कुठल्या तरी सिनेमात, कुठल्या तरी वरातीत, मागच्या रांगेत, तीच लचक घेऊन नाचत राहिले. त्यांना मागच्या रांगेत पाहिलं की तुम्ही टीव्हीसमोर उठून उभे राहायचात. मी लहान होते, मला वाटायचं तुम्हाला नीट दिसत नाही म्हणून उठता.

आता मुद्द्याचं. आईने सांगितलंय. यंदाच्या जत्रेच्या हौशी दशावतारात तुम्हाला भटजीचं काम दिलं म्हणून तुम्ही रुसून बसला आहात, तालमीच्या बैठकीलाही जात नाही. एवढी वर्षं राजपार्टी, आणि आता सुरुवातीच्या आडदशावतारात येऊन चार विनोद करून जायचं, हे तुमच्या मिशीला शोभत नाही म्हणे. बाबा, तुमचीही कारकीर्द सपाट नाही, हे घरचं माणूस म्हणून लिहिते. तुमचा दुर्योधन पाहून समोरच्या बायका मुलांना पदराखाली घ्यायच्या. आणि तुमचा नारद? तुमच्या नारदाने देवळाचा खांब हादरवला होता. "नारायण नारायण" ही धमकी आहे की नामस्मरण, असं पुजाऱ्यांनी विचारलं होतं. दोन्ही कामांत आवाज तोच, घाम तोच, जीव तोच. दुर्योधनाला तो पुरला, नारदाला जास्त झाला. केजचं नेमकं हेच आहे. तो बेकरीवाला आणि तो अस्वलवाला एकच माणूस. अर्ध्या ताकदीने काम करणं त्याला जमतच नाही. भूमिका सोसणारी असली तर ऑस्कर, नसली तर मुलं सोफ्याखाली. तो स्वतः म्हणतो की वास्तववादी अभिनय त्याला पुरेसा वाटत नाही, जुने जर्मन मूकपट आणि जपानी काबुकी त्याला जवळचे. त्याला कोणी कुडाळचं तिकीट काढून द्यायला हवं. संहिता नाही, पहाटेपर्यंत वाक्य उभ्याउभ्या रचायचं, आज देव तर उद्या राक्षस, आणि पेटारा बांधून पुढच्या गावाला. त्याने पहिल्याच रात्री संकासुर मागून घेतला असता.

पण ज्यासाठी एवढा कागद खर्च केला, तो 'पिग' (२०२१). शेवटच्या रात्री पाहिला. केज सत्तावन्नचा, दाढी वाढलेली, मळके कपडे. जंगलात एकटा राहणारा माणूस, आणि जमिनीतली महागडी अळंबी हुंगून काढणारी त्याची डुकरीण. ती कोणीतरी चोरतं. आता हा बंदूक घेऊन सगळ्यांना लोळवणार, म्हणून तुमचे जावई सरसावून बसले. काही नाही. तो कोणावर हातही उगारत नाही. हळूहळू कळतं, हा एके काळी शहरातला नावाजलेला आचारी होता. ज्याच्यावर सूड घ्यायचा, त्याच्यासाठी तो स्वयंपाक करतो. पूर्वी एकदा त्या माणसाने बायकोबरोबर बसून जे जेवण जेवलं होतं, तेच. आणि समोरचा दांडगा माणूस दोन घास खाऊन कोसळतो. अख्ख्या सिनेमात केजचा आवाज बहुधा एकदाच चढतो. ओरडणारा माणूस ओरडणं आवरून धरतो तेव्हा जे दिसतं, ते जन्मभर हळू बोलणाऱ्याला साधणार नाही. जावई झोपले नाहीत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

भटजीची चार वाक्यंच आहेत ना? तुमच्या त्या दुर्योधनाच्या आवाजाचा माणूस धोतराचा सोगा सावरत बारीक आवाजात दक्षिणा मागत आला, की देवळाचं आवार कसं हसेल, ते मला इथे बसून ऐकू येतंय. राजाचं काम ज्या पोराला दिलंय, त्याला मी पाहिलंय. तो मुकुट सांभाळण्यातच रात्र काढणार आहे. बैठकीला जा. आणि मालकांना आधीच सांगा की भटजीच्या प्रवेशाला वेळेचं बंधन नको.

आईला साष्टांग नमस्कार. कोकमं आणि पिठी संपत आली आहे, इकडे येणारं कोणी असेल तर पाठवा. आम्हाला जत्रेला यायला जमणार नाही, शाळा आहे. शेजारच्या काकांना मोबाइल नीट आडवा धरून चित्रीकरण करायला सांगा; गेल्या वर्षी अख्खा गणपती उभा आणि रिद्धी-सिद्धी बाहेर राहिल्या होत्या.

तुमची,
चिंगी

ता. क. : 'पिग' आईबरोबर बघणार असाल तर तिला नाव आधी सांगू नका, ती उठून जाईल. आचाऱ्याची गोष्ट आहे, एवढंच सांगा. आणि शेवटी ती रडली तर तो माझा दोष नाही, दिग्दर्शकाचा आहे.

ता. क. २ : जावयांनी लिहायला सांगितलंय की त्यांच्या मते सर्वोत्तम सिनेमा 'कॉन एअर'. विमानभर कैदी, आणि केज लांब केस वाऱ्यावर सोडून चालतो. तुमच्या जावयांना टक्कल पडायला लागलंय, हे ध्यानात घेऊन हे मत वाचावं.