ब्रह्मदेशापासून पुढे आशिया

कोरेगाव पार्कातल्या ज्या एशियन फ्यूजन हॉटेलात आम्ही सध्या वरचेवर जेवतो, तिथला आशिया खंड ब्रह्मदेशाच्या खाउसुएपासून सुरू होतो आणि जपानच्या सुशीपाशी संपतो. भारत त्यात बसत नाही. शाळेत शिकवलेला आशिया बराच मोठा होता, पण त्याला सर्व्हिस चार्ज नव्हता.

नेहमीचं गिऱ्हाईक होण्याच्या तिथे पायऱ्या आहेत. आधी वेटर न विचारता काटा-चमचा आणून ठेवतो. मग टोकाला रबरबँड लावलेल्या चॉपस्टिक येतात. एके दिवशी रबरबँड नाहीसा होतो आणि आपण नोकरीत कायम झालो हे कळतं. हिचा रबरबँड सुटला, त्या रात्री माहेरच्या ग्रुपवर फोटो गेला. माझा अजून आहे. आता ओळख झाल्यामुळे वेटर तो चारचौघांत आणत नाही, नॅपकिनखाली सरकवून देतो.

डिमसमच्या टोपलीत नग पाच, आम्ही माणसं चार. पाचव्या नगाचं काय करायचं याचं उत्तर चीनमध्ये असेल, सदाशिव पेठेत नाही. ‘‘तू घे.’’ ‘‘छे, माझं पोट भरलं.’’ ‘‘अहो, तुम्ही तरी घ्या.’’ तेवढ्यात तो गार होतो आणि ‘‘टाकवत नाही बाई’’ म्हणत सासूबाई तोंडात टाकतात. त्यांना डिमसम आवडत नाहीत. तरी दर वेळी दोन खातात.

एकदा औशाहून हिचे मामा आले होते, त्यांनाही नेलं. सुरुवातीला एडामामे आलं : वाफवलेल्या हिरव्या शेंगा, वर जाडं मीठ, किंमत रुपये ४२५. मामांनी एक शेंग सोलली, दाणा चावला.

‘‘ही तर सोयाबीनची शेंग हाय की. हिरवीच तोडली?’’

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळेना म्हणून लातूरकडे ओरड चालली होती. मामांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. किलोला एकोणपन्नास रुपयेही नाहीत. मग वेटरला जवळ बोलावून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘दादा, माल कुणाकडून घेता?’’

‘‘सर, इम्पोर्टेड आहे. फ्रोझन येतो.’’

मामा पुढे जेवणभर कमी बोलले. प्लेट उचलताना मात्र म्हणाले, ‘‘टरफलं टाकू नका. म्हशी खातात.’’

खरं तर फ्यूजन हौसेपेक्षा अडचणीतून जन्मतं. नोबू मात्सुहिसा हा जपानी आचारी १९७३ मध्ये पेरूत लिमाला गेला. नेहमीचा जपानी माल मिळेना, तेव्हा त्याने मासळीला तिथली मिरची, लिंबू, कोथिंबीर लावली. पुढे १९९४ मध्ये रॉबर्ट डी नीरोच्या भागीदारीत त्याने न्यूयॉर्कात हॉटेल काढलं. आपल्याकडेही असं घडलंय. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांच्याकडे कुणीतरी ‘काहीतरी नवीन’ मागितलं म्हणतात. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. झालं चिकन मंचुरियन. मंचुरियाला कुणी कळवलं नाही. चर्चगेटला जन्मलेला हा पदार्थ पुढे शाकाहारी होऊन गोबीच्या रूपाने गल्लोगल्लीच्या गाड्यांवर पोचला. चीन आणि आपलं जे काही जमलंय, ते त्या कढईतच.

आमच्या फ्यूजन हॉटेलात मात्र मंचुरियन मिळत नाही. सासूबाईंनी एकदा मागितलं होतं. वेटरने शेजारच्या टेबलांकडे नजर टाकली आणि आवाज उतरवून म्हणाला, ‘‘सॉरी मॅडम, आपण ते ठेवत नाही.’’ मुलगी मेन्यूकार्डामागे गेली.

अलीकडे तिथे नवं मेन्यूकार्ड आलं. त्यात शेफची खास शिफारस : ‘क्रिस्प कॉलिफ्लॉवर, जिंजर-सोया ग्लेझ, पातीच्या कांद्याची भुरभुर’. रुपये ५९५. मुलीने मागवलं. काळ्या दगडी ताटलीत, मधे भरपूर मोकळी जागा सोडून सहा तुरे आले. सासूबाईंनी एक उचलला, खाल्ला आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘अगं, हे तर गोबी मंचु…’’

‘‘आई, हळू!’’ ही म्हणाली. ‘‘त्यांना कळलं तर काढून टाकतील.’’