हजेरीचं भाडं कोणी भरायचं?

ब्रिटन सरकारचा आपल्या बेकारांवर फार मोठा विश्वास आहे. खिशात दमडी नाही म्हणून जो माणूस मदत मागायला आला, त्याच्याकडे बसच्या भाड्यापुरते पैसे मात्र नक्की असणार, असं ते सरकार धरून चालतं. २०१३ पासून तिकडे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाची योजना हळूहळू जुन्या भत्त्यांच्या जागी आली. तिचा अर्ज ऑनलाइन, हिशेब ऑनलाइन, सूचना ऑनलाइन आणि दमदाटीही ऑनलाइन. हजेरी मात्र सदेह द्यावी लागते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जॉबसेंटर या सरकारी रोजगार कार्यालयात जाऊन ‘वर्क कोच’ नावाच्या अधिकाऱ्यासमोर बसायचं आणि गेल्या भेटीपासून नोकरी शोधायला काय काय केलं ते सांगायचं. ही भेट साधारण दहा मिनिटांची. ती चुकली आणि कारण पटलं नाही, तर भत्ता रोखला जातो. सदेह जायचंच म्हटलं तर तुकोबांना न्यायला निदान विमान आलं होतं. इथे साध्या बसचं तिकीटही ज्याचं त्याने काढायचं आहे.

हे तिकीट किती पडतं, ते आधी पाहू. २०२५-२६ साली पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला महिन्याला ४००.१४ पौंड मूळ भत्ता ठरला आणि पंचविशीच्या आतल्याला ३१६.९८. (रुपयांत गुणाकार करून डोळे विस्फारू नका, तिकडे कांदेबटाटेही पौंडातच मिळतात.) म्हणजे तरुण बेकाराच्या हाती दिवसाला साधारण साडेदहा पौंड आले. त्यात जेवण, वीज, गॅस, फोन, साबण आणि मुलाखतीला जायचे धड बूट. इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी भाड्यावर सरकारने घातलेली कमाल मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये २ पौंडांवरून ३ पौंडांवर गेली. जाऊन-येऊन सहा पौंड, म्हणजे दिवसाच्या कमाईतला निम्म्याहून मोठा घास. मध्ये बस बदलावी लागली तर दुसरं तिकीट. दिवसाचा पास काही गावांत थोडा स्वस्त पडतो, पण तो काढायलाही आधी पैसे लागतातच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भत्ताही वाढला, नाही असं नाही: १.७ टक्के. पंचविशीवरच्याला महिन्याला ६.६९ पौंड जास्त मिळू लागले. त्यातून जॉबसेंटरची एक फेरी भागते आणि वर ६९ पेन्स उरतात. पंचविशीच्या आतल्याची वाढ ५.३० पौंड, म्हणजे त्याला परतीच्या वाटेवर शेवटचा टप्पा पायी. भाड्याची मर्यादा पन्नास टक्क्यांनी वर आणि भत्ता पावणेदोन टक्क्यांनी, हे दोन्ही आकडे एकाच सरकारच्या दप्तरातले आहेत. दोन खात्यांच्या कारकुनांनी एकदा एकत्र चहा घेतला असता तर ते एकमेकांना दिसले असते.

पण माझा मुद्दा केवळ भत्ता अपुरा आहे एवढाच नाही. माणसावर लक्ष ठेवायची हौस सरकारची आणि त्या हौसेचा खर्च मात्र ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्या गळ्यात, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. तो खर्च त्याच्या गळ्यात कसा पडला, हे पाहण्यासारखं आहे. १९९८ मध्ये तिथल्या समाजसुरक्षा खात्याने आपल्या इमारती एका खासगी कंपनीला विकल्या आणि त्याच इमारतींत वीस वर्षांच्या कराराने भाडेकरू म्हणून राहायला सुरुवात केली. मार्च २०१८ मध्ये करार संपणार म्हणताच भाड्याचा बोजा कमी करायची टूम निघाली आणि देशभरातल्या सातशेहून अधिक जॉबसेंटरांपैकी दर दहातलं एक बंद करायचा बेत २०१७ मध्ये जाहीर झाला. ग्लासगोत तर सोळांपैकी आठ बंद करायचा प्रस्ताव होता. नवं कार्यालय तीन मैलांच्या किंवा बसने वीस मिनिटांच्या आत असेल, तर लोकांचं मत विचारायचीही गरज नाही, असा निकष लावला गेला. अंतरं मोजायला गूगल मॅप्सचा आधार घेतल्याचं बाहेर आलं, तेव्हा तिथल्या खासदारांनी त्यावरून सरकारला धारेवर धरलं. ते योग्यच झालं. गूगलला पाऊस लागत नाही, त्याच्या कडेवर मूल नसतं आणि त्याची बस चुकत नाही. ही बसही सरकारच्या हातात राहिलेली नव्हती. लंडन वगळता बाकी ब्रिटनमधली बससेवा १९८६ मध्येच खुल्या बाजारावर सोडून दिली होती. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या परवडतात, हे तेव्हापासून बहुतेक ठिकाणी कंपन्या ठरवत आल्या. कार्यालय बंद करून सरकारचं जे भाडं वाचलं, त्यातला काही वाटा बेकार माणूस बसच्या मशीनमध्ये टाकतो. वाचलेल्या भाड्याची नोंद सरकारी अहवालात बचत म्हणून होते, बसमध्ये टाकलेल्या नाण्यांची नोंद कुठेच होत नाही.

यावर खात्याकडे उत्तर तयार असतं: भाडं परत मिळण्याची सोय आहे. सोय आहे, हे खरंच. नेहमीच्या पंधरवड्याच्या फेरीचे पैसे मिळत नाहीत, पण त्याहून अधिक वेळा बोलावलं तर मागता येतात. शिवाय एक राखीव निधी आहे, तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तीन महिने बेकार राहून दाखवलं की रेल्वेच्या तिकिटावर निम्मी सवलत देणारं कार्डही मिळतं. म्हणजे खिसा कोरा होण्याची वाट पाहून मग तिकीट निम्मं करायचं. परताव्याची रीत मात्र ठरलेली आहे. पैसे आधी तुम्ही घालायचे, पावती जपायची आणि ‘परत मिळतील का?’ हे स्वतः तोंड उघडून विचारायचं. ज्याला हा नियम माहीत नाही त्याला तो लागू नाही, असाच कारभार. परतावा ही ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याची सोय असते. सोमवारी खिशात दोन पौंड असलेल्या माणसाला मंगळवारी मिळणाऱ्या सहा पौंडांचा उपयोग नाही, कारण त्याची बस सोमवारची आहे.

ती बस चुकली तर काय होतं, तेही बघा. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भत्ता रोखण्याच्या ज्या शिक्षा होतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ निव्वळ बोलावलेल्या भेटीला न गेल्याबद्दल असतात. कामचुकारपणा, नोकरी नाकारणं वगैरे आपल्या डोक्यात असलेले गुन्हे उरलेल्या थोडक्यात येतात. शिक्षा अशी की पुढची भेट देईपर्यंत मूळ भत्ता बंद आणि त्यावर पहिल्या खेपेला सात, दुसऱ्या खेपेला चौदा, नंतर अठ्ठावीस दिवस. भाड्याला पैसे नव्हते म्हणून जो आला नाही, त्याने पुढच्या वेळी नक्की यावं म्हणून त्याचे उरलेसुरले पैसेही काढून घ्यायचे! दुष्काळात तेरावा महिना आपल्याकडे निदान पंचांगाने येतो, तिथे तो पत्र पाठवून येतो. फारच अडचण असेल तर सरकार थोडी तातडीची रक्कम देतं, पण ती उसनी. पुढच्या भत्त्यातून कापून घेतात.

एवढं करून तिजोरीचा तरी फायदा होतो का? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये या शिक्षांचा हिशेब तपासला. २०१५ मध्ये सुमारे १३.२ कोटी पौंडांचा भत्ता रोखला गेला. शिक्षा लावण्याचा वार्षिक खर्च ३ ते ५ कोटी पौंड आणि लोक अटी पाळतात की नाही, हे बघत बसण्याचा खर्च सुमारे २० कोटी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण लग्नाच्या जेवणावळीबद्दल वापरतो. साहेबाने ती अर्थसंकल्पात बसवली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो आपल्याकडेही आवडीने घेतला जातो: जॉबसेंटरला जायची ऐपत नाही म्हणणारा उद्या नोकरीला कसा जाणार? या युक्तिवादाचे आजोबा म्हणजे नॉर्मन टेबिट. १९८१ च्या पक्ष अधिवेशनात या मंत्रिमहोदयांनी आपल्या वडिलांचा दाखला दिला होता: १९३० च्या दशकात त्यांनी दंगा केला नाही, सायकल काढली आणि काम मिळेपर्यंत शोधलं. उदाहरण उत्तम आहे, पण त्या सायकलने ते कामाकडे गेले होते, सही करायला नव्हे. नोकरीच्या फेरीत महिन्याअखेर पगार असतो. जॉबसेंटरच्या फेरीत भत्त्याचाच तुकडा मोडतो. लांबच्या कामाला बेकार नाही म्हणतात असंही नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचे नियम एका बाजूने दीड तासाच्या प्रवासापर्यंतच्या नोकरीची तयारी मागतात आणि ती अट मान्य करूनच माणूस भत्त्यावर असतो. उलट फेरीचे सहा पौंड हजेरीत गेले, तर खऱ्या मुलाखतीच्या दिवशी तेच कमी पडतात. टेबिट यांच्या सायकलचं पंक्चर काढायला ठेवलेले पैसे सरकारने हजेरीपटावर खर्च करवले, असं म्हणा.

तिसरं म्हणणं असं की समोरासमोर बसल्याशिवाय माणूस आळसावतो आणि लबाडी वाढते. याचा प्रयोग आपोआप झाला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या, शिक्षाही तीन महिने थांबल्या आणि त्याच काळात लाखो नवे अर्ज फोन व इंटरनेटवर निकालात निघाले. जॉबसेंटरची खुर्ची रिकामी होती म्हणून भत्त्याचं वाटप थांबलं नाही. त्या गर्दीत काही खोटे अर्जही घुसले, हे मान्य करायला हवं. पण खोटा अर्ज ओळखपत्र आणि बँकेचे तपशील तपासून पकडला जातो. दर पंधरवड्याला बसने आलेल्या खऱ्या माणसाचा चेहरा पाहून तो कसा पकडणार? राहता राहिला आळस. यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१३ ते २०१८ या काळात झालेल्या मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष असा होता की, या शिक्षांचा माणसांना कामाला लावण्यात फारसा उपयोग होत नाही. त्या त्यांना अधिक हलाखीत मात्र ढकलतात. भेट कधीच नको, असं मी म्हणत नाही. चांगला सल्लागार समोर बसून नोकरीचा अर्ज नीट करून देत असेल तर ती भेट सहा पौंडांहून मोलाची आहे. पण मग सरकारलाही ती तेवढ्या मोलाची वाटली पाहिजे.

आणि बोलावणाऱ्याने भाडं द्यावं, हे तत्त्व ब्रिटनला नवं नाही. कमी उत्पन्नाच्या रुग्णाला डॉक्टरने इस्पितळात पाठवलं तर प्रवासखर्च मिळतो आणि त्यात युनिव्हर्सल क्रेडिटवरचे अनेक जण बसतात. न्यायालयाने ज्युरी म्हणून बोलावलं की भाडं मिळतं. तुरुंगातून सुटणाऱ्यालाही घरी जायचं तिकीट देतात. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून बावीस वर्षांखालच्यांना बस फुकट आहे. आपल्याकडेही, महाराष्ट्राच्या रोजगार हमीवरून धडा घेतलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचं आणि त्यापलीकडे नेलं तर दहा टक्के जादा मजुरी द्यायची, असं लिहिलं होतं. ते जादा पैसे किती मजुरांच्या हाती पडले, हे विचारून आपली शोभा करून घेऊ नये. पण गरिबाचं अंतर मोजायचं असतं, एवढं निदान कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

भाडं आगाऊ कसं द्यायचं, ही तांत्रिक अडचण तर तिकडे कधीच सुटली आहे. खासदारांच्या खर्चाचा घोटाळा २००९ मध्ये उघडकीस आला. त्यात एका महाशयांनी तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी १,६४५ पौंडांचा दावा लावला होता (तो मंजूर झाला नाही, हे सांगायला हवं). त्यानंतर खासदारांच्या खर्चासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि प्रवासासारखा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागू नये म्हणून त्यांना पेमेंट कार्डं मिळाली. जॉबसेंटरच्या प्रत्येक बोलावण्यासोबत तसंच बसचं तिकीट फोनवर पाठवावं, आणि ते जमत नसेल तर भेट फोनवरच घ्यावी, ही मागणी एखाद्या खासदाराने संसदेत लावून धरायला हरकत नाही. तिथपर्यंत जायचं त्यांचं भाडं सरकार भरतंच.