उत्तेजनार्थ

पुण्यात कॉलेजात असताना लिहिलेल्या माझ्या एकुलत्या एका एकांकिकेला लेखनाचं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं होतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याची पंगत उठल्यावर स्वयंपाकघरातच पाट मांडून जेवू घातलेल्या पाहुण्यासारखा तो शब्द. आईने प्रशस्तिपत्रक शेजारीपाजारी दाखवलं, पण त्या शब्दावर अंगठा ठेवून. तसं आपल्याकडे परीक्षकांचा अंगठाही मोठाच. २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकही एकांकिका त्यांना लायक वाटली नाही, आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला आल्यावर या शब्दाचा डच मावसभाऊ भेटला, ‘आनमूदिखिंग्सप्रैस’. म्हणताना घशात कोरडी भाकरी अडकते. मात्र शब्द सोलला, की आत चक्क ‘धैर्य’ सापडतं. शार्लोट क्योलर ही इथली जुन्या काळची नटी, जन्म १८९२चा. एकटीने रंगमंचावर उभं राहून अख्खी संध्याकाळ तोलून धरण्यासाठी तिचं नाव होतं. तिच्या नावाने आज नाटकातल्या तरुण मंडळींना असंच उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. एकटं उभं राहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं नव्या नाटककाराशिवाय आणखी कुणाला ठाऊक असणार!

डच नाटकाचा मेरुमणी योस्त फॉन्डेल. त्याला असा धीर कुणी दिला असेल, असं वाटत नाही. त्याचं इथल्याच वारमूसस्त्रात या रस्त्यावर मोज्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या पोटऱ्यांचा अंदाज घेता घेता हा माणूस मनात शोकांतिकेच्या ओळी जुळवत असेल का? शहराचं पहिलं नाट्यगृह त्याच्याच ‘गैसब्रेख्त’ या नाटकाने ३ जानेवारी १६३८ला उघडलं, तेही चर्चच्या मंडळींनी नाकं मुरडल्यामुळे थोडं उशिराच. पुढे नव्या वर्षाला तेच नाटक, अशी रीत पडली आणि ती १९६८पर्यंत टिकली. आजीने दर दिवाळीला तोच चिवडा करावा, आणि नातवंडांनी निमूट खावा, तसं. १९६९मध्ये नातवंडांचा संयम सुटला. नाट्यशाळेच्या विद्यार्थ्यांनी प्रस्थापितांच्या प्रयोगात रंगमंचावर टोमॅटो फेकले. नव्या नाटकाला जागा करून देण्याचा हाही एक मार्ग. त्यात प्रशस्तिपत्रक तेवढं नसतं.

फॉन्डेलच्या मुलाने दुकान बुडवलं आणि सत्तरीचा म्हातारा नगरपालिकेच्या गहाणपेढीत कारकून झाला. दहा वर्षं त्याने लोकांच्या अंगठ्या, कोट, चमचे वहीत मांडले. ती पेढी अजून चालू आहे. गंमत म्हणजे शेजारीच नेस नावाची अरुंद गल्ली, आणि तिथे फ्रास्काती नाट्यगृहात नव्या लोकांची नाटकं होतात.

परवा पावसात त्या पेढीच्या दारापाशी छत्री मिटून उभा होतो. आतल्या कारकुनापुढे प्रशस्तिपत्रक ठेवलं, तर तो किती देईल? बहुधा चष्मा वर करून बघेल, शिक्का तपासेल, आणि मग विचारील, “त्या शब्दावर हा अंगठा कुणाचा?”